दाब ना बे

आमच्या गाडीत बाबा डाव्या सीटवर बसत आणि तिथूनच गाडी चालवत. स्टिअरिंग, क्लच, गिअर ही किरकोळ कामं तेवढी दादाकडे होती. पुढे ट्रक आला, की बाबांचा उजवा हात दादाच्या मानेवर सटकन पडायचा आणि त्याबरोबर त्यांचा ठरलेला मंत्र, "दाब ना बे!" दाबायचं ते एक्सिलेटर. ड्रायव्हरला मारणारा माणूसही त्याच गाडीत बसलेला असतो, हे बाबांच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

दादा तेव्हा काही पोरगा नव्हता. लग्न झालेलं, वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली, मिशीत पांढरे केस डोकावायला लागलेले. तरीही बाबांचा हात दिसला की त्याचा कोपर आपोआप तोंडावर जायचा. ही सवय लहानपणापासूनची. बाबा खुंटीवरची टोपी काढायला हात वर करत, तरी दादा कोपर उचलून उभा राही. पाहुणे हसायचे. मला मात्र त्यांच्या हसण्याची चीड यायची, आणि दादाच्या कोपराची त्याहून जास्त.

मला बाबा मारत नसत. पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जायची, तिला कशाला हात लावा, असा त्यांचा हिशेब. माझ्या वाट्याला शिव्या होत्या आणि मीही त्या परत करत असे, निदान मनातल्या मनात. राग मला बाबांचाच आला आहे, नाक तर आलंच आहे. आई म्हणायची की या घरात एकाच माणसाचं रक्त तिघांत वाहतं आणि ती एकटी त्यात भिजते.

घर आमचं वर्ध्याजवळ नालवाडीला आणि दुकान पुलगावला. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. मी पुलगावच्याच एका शाळेत शिकवत होते, त्यामुळे रोज सकाळी तिघं एकाच गाडीतून निघायचो. गाडी जुनी, पांढरी, कार्ब्युरेटरवाली, पत्र्याच्या पेटीला चाकं लावावीत तशी. बाबांनी ती हौसेने घेतली होती आणि माणसापेक्षा तिला जपत होते. दसऱ्याला तिच्या बोनेटवर हळदीकुंकू लावताना त्यांचा हात जितका हळू फिरायचा, तितका आमच्यापैकी कुणावर फिरलेला मला आठवत नाही.

बियाण्याच्या धंद्याने बाबांना एक गोष्ट शिकवली होती, हवा लागली की माल गेला. उघडं पाकीट सर्दावतं, उघड्या डब्यातलं औषध उडून जातं. त्यामुळे उघडं तोंड दिसलं, की ते बंद करायचं. दुकानात त्यांच्या गल्ल्याशेजारी लाखेची कांडी आणि काडेपेटी कायम असायची. बियाण्याच्या नमुन्याच्या पिशव्यांना लाख लावतात, ती. बाबा ती घरीही आणत. आईच्या लोणच्याच्या बरणीला लाख, पापडाच्या डब्याला लाख, रॉकेलच्या जुन्या कॅनला लाख. लहानपणी दादाने बिस्किटांचा डबा उघडा ठेवला म्हणून त्याच डब्याने त्याला मार बसला होता. "वस्तूवर झाकण पायजे अन् पोरावर दाब पायजे," असं बाबा गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकं माना डोलवत बियाण्याच्या पिशव्या उचलून जात.

त्या उन्हाळ्यात गाडी बिघडली. बिघाडही असा, की कुणाला दाखवावा तर दिसेना. वर्ध्यात गाडी शहाण्यासारखी चालायची. वाटेतल्या देवळीपर्यंतही कुरकुर नाही. पुढे रस्ता मोकळा मिळाला, दादाने वेग घेतला, एखादा ट्रक मागे टाकायला एक्सिलेटर दाबला, की नेमक्या त्याच वेळी गाडी आचके द्यायची. जोर लावायचा तिथे दम सोडायची. पाय खाली आणि वेगही खाली. बाजूला घेऊन थांबवली, बाबांनी तिला, दादाला आणि दादाच्या जन्मवेळेला शिव्या घातल्या, की थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू व्हायची. शिव्यांनी गाडी चालते अशी बाबांची खात्रीच झाली. मारण्याबद्दल त्यांची खात्री आधीपासून होती.

आमचा वर्ध्याचा मेकॅनिक खर्रा चघळत बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "रेस द्या." दादाने उभ्या गाडीत रेस दिली. इंजिन खणखणीत ओरडलं. पुन्हा दिली, पुन्हा खणखणीत.

"यात तं काहीच नाई," मेकॅनिक म्हणाला. "उन्हाळा आहे. पेट्रोलची वाफ होऊन राह्यली. पंपावर ओला कपडा ठेवा."

आमच्याकडच्या उन्हात हे कुणालाही पटण्यासारखं होतं. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून इंजिनावरच्या पेट्रोलपंपावर गुंडाळला. दर थांब्याला मी उतरून त्यावर पाणी ओतायची. गाडी आचके द्यायची ती द्यायचीच. मग प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकले, फिल्टर नवा टाकला. प्रत्येक दुरुस्तीनंतर मेकॅनिक उभ्या गाडीत रेस देऊन बघायचा, खूश व्हायचा, आणि आम्ही देवळीच्या पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला उभे.

शेवटच्या खेपेला बाबांनी त्याची गचांडी धरली. त्याच्याच टेबलावरचा जुना प्लग उचलून भिंतीवर इतक्या जोरात फेकला, की तो उसळून परत आला आणि एका उभ्या गाडीचा दिवा फुटला. मेकॅनिकने पाना उचलला. "बुढ्ढा आहेस म्हणून सोडतो," तो ओरडला, "नाई तं इथंच पाडला असता!" बाबा त्याच्या अंगावर गेले. दादाने त्यांना मागून कवेत धरून उचललं, आणि त्याच उचललेल्या स्थितीत बाबांनी दादाच्या नडगीवर टाचा मारल्या. आजूबाजूच्या दुकानदारांनी सोडवासोडव केली. मला तेव्हा त्या मेकॅनिकचाही राग आला होता, की पाना उचलला तर निदान बोनेटवर तरी आपटायचा.

बाबांचं निदान पक्कं होतं. "गाडीत काई नाई. ह्याचा पाय मेला आहे. जोर लावाची वेळ आली की हा घाबरते." आणि घाबरट पायावर त्यांच्याकडे एकच औषध होतं.

मला मात्र दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे पेट्रोल भरलं, की त्यानंतर बराच वेळ गाडी नीट पळायची. देवळीत भरलं तर थेट दुकानापर्यंत. दुसरं म्हणजे पंपावरच्या माणसाला टाकीचं झाकण उघडताना फार झटापट करावी लागायची. झाकण आतून कुणी ओढून धरल्यासारखं चिकटलेलं असायचं. मी हे बोलून दाखवलं. मेकॅनिक हसला होता. बाबा म्हणाले, "तू खडू घास. गाडीचं आमाले कळते." दादाने ऐकून घेतलं, पण त्याच्या डोक्यात तेव्हा झाकण नव्हतं. बाबा होते.

कारण त्याच आठवड्यात तो प्रकार झाला. कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक पुढे होता. "दाब ना बे!" आलं, मानेवर हात पडला, दादाने दाबलं, गाडी ट्रकच्या बरोबरीला आली आणि तिथेच मेली. समोरून एसटी. दादाने ब्रेक मारून गाडी ट्रकच्या मागे कशी ओढून घेतली, मला आजही सांगता येणार नाही. एसटीचा हॉर्न कानात वाजत असतानाच बाबांनी मांडीवरचा स्टीलचा टिफिन उचलला आणि दादाच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. वरणाचं पिवळं पाणी आणि रक्त एकत्र गळ्याखाली उतरलं.

संध्याकाळी आई त्याच्या भुवईत हळद दाबत होती. दादा अगदी शांत आवाजात म्हणाला, "आता लेकरू येऊन राह्यलं माह्या घरी. त्याच्यासमोर मी मार खाणार नाई. आता ह्यायचा हात उठला, तं माहाबी उठन. अन् मग मी थांबणार नाई आई, सांगून ठेवतो."

दादा धमक्या देणारा माणूस नव्हता. म्हणूनच आईच्या हातातली हळद खाली सांडली. रात्रीच्या भाकरी थापताना ती मला म्हणाली, "बापानं पोराले मारलं तं घर राह्यते. पोरानं बापाले मारलं की संपलं. तू गाडीत मधात बसत जाजो. दोघायच्या मधात." हे तिचं तत्त्वज्ञान ऐकून माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं घर राहिलं ते कुणाच्या मानेवर, हे विचारावंसं वाटलं. पण तिने करपलेली भाकरी पुन्हा तव्यावर टाकली, म्हणून मी नुसतं हो म्हटलं.

तेव्हापासून मी मागच्या सीटच्या बरोबर मध्ये बसू लागले. दोन्ही सीटांच्या फटीतून पुढे वाकून. एका बाजूला बाबांचा उजवा हात, दुसऱ्या बाजूला दादाचा डावा, आणि मी दोन्हीवर नजर ठेवून. शाळेत पोहोचेस्तोवर माझी पाठ धरून यायची.

पाऊस लागला, हवा गार झाली, तरी गाडीचे आचके थांबले नाहीत. म्हणजे उन्हाचा आणि वाफेचा संबंध नव्हता, हे तर उघडच झालं. इंजिनावरचं लुगडं काढून मी फेकून दिलं.

श्रावणातली सकाळ होती. भुरभुर चालू होती, दोन्ही बाजूंना कपाशी पाण्यात उभी. पुलगावच्या अलीकडचं नाचणगाव जवळ आलं होतं. पुढे ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली, आणि समोरून दारूगोळ्याच्या डेपोकडच्या मिलिटरी ट्रकांची रांग येत होती, दिवे लावून. रांग अजून लांब होती. चांगली गाडी असती तर दोनदा पुढे निघून गेली असती.

"दाब."

दादाने दाबलं नाही.

"दाब ना बे! काऊन दाबून नाई राह्यला? बाई आहेस काय?"

हात पडला. दादाने जबडा आवळला आणि पाय जमिनीपर्यंत नेला. गाडी उसळली, ट्रॉलीच्या चाकापर्यंत गेली आणि आचका देऊन बसली. पुन्हा आचका. पुढचा मिलिटरीचा ट्रक हॉर्न दाबून सरळ आमच्यावर आला. दादाने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं. आम्ही त्या ट्रकच्या नाकासमोरून रस्ता ओलांडून पलीकडच्या काळ्या चिखलात शिरलो. माझं डोकं छताला लागलं. मागून सगळी रांग हॉर्न वाजवत, चिखल उडवत निघून गेली, आणि ट्रॉलीवाला मागे वळूनसुद्धा न बघता पुढे गेला.

आम्ही जिवंत आहोत हे मला कळेपर्यंत बाबा खाली उतरले होते. गाडीला वळसा घालून त्यांनी दादाचं दार उघडलं, कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं आणि पायातली चप्पल काढली. "मारून टाकतं आमाले! तिघायले मारून टाकतं, नामर्दा!" चप्पल गालावर बसली, कानावर बसली, भरून आलेल्या भुवईवर बसून ती पुन्हा फोडली. दादाचा कोपर वर गेला. मग तो खाली आला. कोपर खाली येताना मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने सीटखाली हात घातला आणि चाकाचा मोठा पाना बाहेर काढला.

माझं काम मध्ये जायचं होतं. पण मध्ये जाऊन मी काय करणार होते? दोघांच्याही अंगात माझ्या दुप्पट जोर होता. मला एवढंच सुचलं, की हे भांडण ज्याच्यावरून पेटलं ते आधी फोडावं. इग्निशनची किल्ली ओढून घेतली आणि मागे टाकीकडे धावले.

"दादा, झाकण! झाकण पाय इकडं!"

किल्ली फिरली, पण झाकण हलेना. मी दोन्ही हातांनी धरलं, गाडीला पाय लावला आणि सगळा राग मनगटात आणून पिळलं. झाकण सुटलं, आणि टाकीने हवा ओढून घेतली. लांब, भुकेला आवाज होता तो, संपतच नव्हता. शेवटी आत दबलेला पत्रा ढुम्म करून बाहेर आला. बाबांची चप्पल वरच्या वर थांबली. दादा पाना धरून तसाच वळला.

मी झाकण उलटं केलं. बरोबर मध्यावर, जिथे टाकीला हवा घ्यायला बारीक छिद्र असतं, तिथे लाखेचा लाल थेंब होता. व्यवस्थित बसवलेला, वरून अंगठ्याने दाबलेला. झाकणाखाली ट्रकच्या ट्यूबचं कापलेलं गोल रबर होतं. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती येत नव्हती. जितकं दाबावं तितकं इंजिन पेट्रोल ओढायचं आणि टाकी ते आत धरून ठेवायची. उभ्या गाडीत हे कधीच दिसलं नसतं, आणि रस्त्यात थांबल्यावर फटीतून हवा हळूहळू झिरपली की ती पुन्हा चालायची. गाडीला श्वास मिळत नव्हता, एवढाच तिचा रोग होता.

लाखेवरचा अंगठा कुणाचा, हे तिघांपैकी कुणालाही विचारायची गरज नव्हती.

"पेट्रोलचा वास ये," बाबा म्हणाले. आवाज दुकानातला, गिऱ्हाइकाला माल समजावताना असतो तसा. "उन्हाळ्यात उडून जाते ते. म्हणून मी..."

दादा त्यांच्याकडे चालत गेला. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. तो त्यांच्या अगदी समोर उभा राहिला, पाना खांद्यावर घेतला आणि वळून गाडीच्या पुढच्या काचेवर घातला. काच पांढरी झाली. दुसऱ्या घावाला ती आत कोसळली. मग दसऱ्याला हळदीकुंकू लागायचं ते बोनेट. मग दिवे. मग पुन्हा बोनेट. प्रत्येक घावाला त्याच्या तोंडातून हुंकार निघत होता. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं, आणखी हाण, आणखी हाण, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. बाबा एका पायात चप्पल आणि एक चप्पल हातात अशा अवतारात पावसात उभे होते आणि प्रत्येक घावाला डोळे मिटत होते.

दादा दमला तेव्हा थांबला. पाना चिखलात टाकला आणि ड्रायव्हरच्या सीटवरची काच हाताने लोटून आत बसला.

मी झाकणाचं रबर काढून फेकलं, केसातल्या पिनेने लाख कोरून काढली, झाकण लावलं, किल्ली दादाच्या हातात दिली. गाडी चिखलातून काढायला ढकलणं भाग होतं. मी मागे गेले. बाबाही माझ्या शेजारी येऊन वाकले.

"दाब, दादा!" मी ओरडले.

चाकं फिरली, बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खालपासून वरपर्यंत चिखल उडाला आणि गाडी रस्त्यावर चढली.

बाबा आपल्या जागेवर येऊन बसले. वायपर चालूच होते, काच नसलेल्या चौकटीत हलत होते. पाऊस सरळ तोंडावर येत होता. बाबांच्या खांद्यावर, कॉलरमध्ये, मांडीवर काचेचे दाणे पडले होते. दादाने ते पाहिलं. त्याने डावा हात उचलला.

बाबांचा कोपर तोंडावर गेला.

चटकन, पूर्ण वर, डोळे घट्ट मिटून. मी मागे मध्येच बसले होते, माझ्यापासून वीतभर अंतरावर तो कोपर होता. दादाचा हात हवेत तसाच राहिला. त्याच्या भुवईतून परत रक्त यायला लागलं होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"काचा आहे, बाबा," तो म्हणाला. "अंगावर."

कोपर खाली आला नाही. मग दादाने तशीच त्यांच्या खांद्यावरची काच झटकली, दोन बोटांनी, कॉलरमधली वेचून बाहेर टाकली, आणि गिअर टाकला. पुलगावपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली तेव्हा आई ओट्यावर होती. फुटलेले दिवे, चेमटलेलं बोनेट, काचेच्या जागी डाव्या बाजूला बांधलेलं खताचं रिकामं पोतं, सगळं तिने पाहिलं आणि त्यातलं काहीच विचारलं नाही. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"ह्याचा हात उठला का बापावर?"

"नाई," मी म्हटलं.

तिने डोळे मिटून देवाला हात जोडले. मग दारातून बाहेरच्या खोलीत पाहिलं. बाबा खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. दादा त्यांच्यासमोरून पाणी प्यायला गेला, तशी त्यांनी मान थोडी आत घेतली.

"मंग हे काऊन असे बसले?" आईने विचारलं.

मी कुकर गॅसवर ठेवला.